केमिकलमुक्त सुशीलाताई

सुशीलाताईंचे किस्से सांगायला बसले की माझ्या घरचे उठून जातात. त्यांचाही दोष नाही. एक किस्सा संपेपर्यंत तिकडे सुशीलाताईंनी दुसरी बाटली भरलेली असते, म्हणजे नवा किस्सा तयार! लोकांच्या घरात जुनी वर्तमानपत्रं साठतात, माझ्याकडे हे.

सुशीलाताई आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. जबलपूरच्या या फॅक्टरी कॉलनीत आम्ही मोजकीच मराठी घरं, सगळी मूळची नागपूर-भंडाऱ्याकडची. रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बायका मागच्या ओट्यावर बसतो. पूर्वी तिथे सुनांचा विषय निघायचा. मग सुशीलाताईंनी मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून एकच विषय, फिनाईल किती वाईट! घरातलं सगळं केमिकल बाहेर, आणि आत लिंबू, सिरका (तेच ते व्हिनेगर), सोडा, रिठे, संत्र्याची सालं. नैसर्गिक सफाई म्हणजे काय, तर जे काम बाजारची बाटली दोन मिनिटांत करते, ते तीन महिने वाट पाहून न होणं.

त्यातून एकच जागा वाचली होती. सुशीलाताईंचे मिस्टर, म्हणजे आमचे भाऊजी, रिटायरमेंटला आले होते आणि भेडाघाटच्या रस्त्याला त्यांचं घर बांधून होत होतं. समोरच्या खोलीत पांढरी संगमरवरी फरशी. जन्मभर क्वार्टरच्या फुटक्या सिमेंटवर वावरलेल्या माणसाची ही एवढीच हौस. फरशी बसली त्या दिवशी भाऊजी चपला हातात घेऊन तिच्यावरून चालले, मी स्वतः पाहिलं. आणि तिथेच त्यांनी बायकोला बजावलं, "क्वार्टरमध्ये काय करायचं ते कर. माझ्या फरशीला तुझं पाणी लागलं नाही पाहिजे!"

सुशीलाताईंनी आम्हा सगळ्यांसमोर शब्द दिला. त्यांच्या शब्दावर आमच्यापैकी एकीचाही विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

* * *

पहिली बाटली संत्र्याच्या सालांची. सालं, गूळ आणि पाणी घालून झाकण लावायचं आणि तीन महिने आंबू द्यायचं. मात्र रोज झाकण थोडं सैल करून आतला गॅस सोडायचा, असं त्या व्हिडिओतच सांगितलं होतं. सुशीलाताईंना ते पटलं नाही.

"वास बाहेर जाऊन राहिला म्हणजे ताकद जाऊन राहिली!" असं म्हणून त्यांनी झाकण आणखी आवळलं आणि बाटली पलंगाशेजारच्या फळीवर ठेवली.

एका दुपारी भाऊजी जेवून आडवे झाले होते. धडाम्! आम्ही धावत गेलो तर भिंतीवर सालं, छताला सालं, पंख्यावरून गुळाचं पाणी गळतंय आणि भाऊजी पलंगाखाली! तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी काढलेला माणूस.

पलंगाखालून आवाज आला, "अव, फॅक्टरीत इतकी वर्षं काढली, तिथं काही नाही झालं!"

सुशीलाताई छताकडे बघत होत्या. चेहऱ्यावर कौतुक. म्हणाल्या, "पाहा न वहिनी, किती पॉवर आहे!"

* * *

मग त्यांच्या बाथरूमची मोरी तुंबली. सुशीलाताईंनी मोरीत सोडा टाकला, वरून सिरका ओतला. भसाभसा फेस आला. ओट्यावर बसणाऱ्या आम्ही सगळ्या खास तो फेस पाहायला गेलो होतो, एवढं आमचं रिकामपण!

माझी मुलगी तेव्हा बारावीत सायन्सला. ती म्हणाली, "काकू, ही दोन्ही एकत्र आली की एकमेकांनाच संपवतात. उरतं ते नुसतं पाणी."

"मग फेस काहून आला?"

मुलीनं हात जोडले आणि ती अभ्यासाला घरी निघून गेली.

मोरी आठवडाभर तुंबलेलीच. सुशीलाताई रोज फेस काढत होत्या आणि भाऊजी रोज आमच्याकडे आंघोळीला येत होते. शेवटी त्यांनीच तार घालून मोरी उघडली. आतून काय निघालं? रिठ्याच्या सालांचा हा एवढा गोळा! आदल्या महिन्यात सुशीलाताईंनी रिठ्यानं कपडे धुतले होते आणि चोथा मोरीत लोटला होता.

"नैसर्गिक आहे," त्या म्हणाल्या, "आपोआप विरघळलं असतं."

* * *

आमच्या ओळीत पल्लवी नावाची नवी सून आली. जन्म जबलपूरचा, मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. सुशीलाताईंना हक्काची शिष्या मिळाली. त्यांनी तिला संत्र्याच्या पाण्याची दुसरी बाटली दिली, पोछ्यासाठी. न आंबलेला गूळ बाटलीच्या तळाशी तसाच होता.

दुसऱ्या दिवशी पल्लवी रडवेली होऊन आली. "दीदी, पोछा लगाया तो पूरे घर में चींटियाँ आ गईं! सासूबाई बहुत चिल्ला रही हैं!"

दुसरी कुणी असती तर खजील झाली असती. सुशीलाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अग, हीच तर परीक्षा आहे! केमिकल असतं तर मुंग्या आल्या असत्या का?"

पल्लवीच्या सासूबाईंनी त्याच संध्याकाळी फिनाईलचा पाच लिटरचा कॅन आणवला.

* * *

मग राखेचं वेड लागलं. भांडी राखेनंच घासायची! पण गॅसच्या जमान्यात राख आणायची कुठून? सुशीलाताईंच्या ओळखीचं एक घर कुंडमला आहे, तिथे अजून चूल पेटते. त्या बसनं कुंडमला गेल्या. राख सांडू नये म्हणून मडक्यात भरली, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलं आणि मडकं छातीशी धरून परतीच्या बसमध्ये चढल्या.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मडकं पाहिलं आणि जागा झाली! दोन माणसं उठून उभी राहिली, एका म्हाताऱ्यानं हात जोडले. कंडक्टरनं गाणं बंद केलं आणि अदबीनं वाकून विचारलं, "माताजी, नर्मदाजी में सिराने ग्वारीघाट जाएँगी न? वहाँ का ऑटो मैं करवा दूँगा."

सुशीलाताई प्रसन्नपणे म्हणाल्या, "नहीं भैया, घर ले जा रही हूँ. बर्तन मांजना है!"

* * *

आता शेवटचा. हा मी ओट्यावर कधीच सांगितला नाही.

नव्या घरात पूजापाठ आणि जेवण ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी मदतीला गेले. सुशीलाताई फुलं, मेणबत्त्या आणायला बाजारात गेल्या होत्या. एक सांगते, फरशी बसल्यापासून त्यांनी समोरच्या खोलीत ओलं फडकंसुद्धा नेलं नव्हतं. भाऊजी स्वतः साध्या पाण्यानं पुसायचे. बाईनं शब्द पाळला होता, आम्ही सगळ्या खोट्या पडलो होतो.

आणि भाऊजींनीच चहाचा कप फरशीवर ठेवला. उचलला तर खाली तपकिरी गोल. पाण्यानं पुसला, जाईना. साबणानं घासला, जाईना. उद्या फॅक्टरीतले सगळे फरशी पाहायला येणार! घाम फुटला त्यांना. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते. ते आत आले, सुशीलाताईंनी भांड्यांसाठी ठेवलेली लिंबू-सिरक्याची बाटली त्यांनी फळीवरून उचलली आणि बाहेर गेले.

"भाऊजी, ते नका वापरू!" मी ओरडले.

"लिंबानं काय होते, वहिनी? दगड आहे तो!"

मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत ओतून झालं होतं. संगमरवरावर बारीक फेस चढत होता. "काम करून राहिलं!" भाऊजी मला म्हणाले. खरंच, डाग गेला. फरशीची चमकही गेली. वाळल्यावर तिथे खडूसारखा पांढरा, खरखरीत चट्टा उठला. मग तो चट्टा बाजूच्या फरशीशी जुळवायला त्यांनी आणखी ओतलं. मी नको नको म्हणत असताना बाटली संपवली. खोलीच्या मधोमध सतरंजीएवढी जागा मेली!

सुशीलाताई फुलं घेऊन दारात उभ्या. त्यांनी फरशी पाहिली, नवऱ्याच्या हातातली बाटली पाहिली. मला वाटलं, आता निघेल जन्माचं सगळं! पण त्यांनी फुलं ठेवली आणि सतरंजी काढून अंथरली.

दुसऱ्या दिवशी खोली गच्च भरलेली. वंदना झाली, भंतेजींचं जेवण झालं. भाऊजींची बहीण सिहोऱ्याहून आली होती, तिला धीर कुठला! "एवढं फरशी फरशी करून राहिले होते, पाहू तर द्या!" म्हणत तिनं सतरंजीचं टोक उचललं ते पार मधेपर्यंत. सगळ्यांनी वाकून पाहिलं.

"अव माय! वहिनी, तुमच्या त्या पाण्यानंच न?"

लोक हसायला लागले. भाऊजी स्वतःच्या पायमोज्यांकडे बघत उभे. मला इतका राग आला की मी तोंड उघडलंच होतं. सुशीलाताईंनी माझा हात दाबला.

"हाव," त्या नणंदेला म्हणाल्या, "माझ्याच हातानं झालं. यांनी मना केलं होतं."

सगळे भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजींनी मान वर केली, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले,

"किती वेळा सांगितलं हिला! ऐकतच नाही!"