बाणाचा ण

‘‘ण. बाणाचा ण. म्हण.’’

निवेदक माझ्यासमोर वाकून उभा होता. त्याने हवेत धनुष्य ताणलं आणि बाण सोडल्याचा अभिनय केला. प्रेक्षक हसले. एक टीव्ही कॅमेरा माझ्याकडे वळला आणि त्याच्या मागच्या मोठ्या पडद्यावर माझा चेहरा दिसायला लागला. तो तिथे कधीच दिसत नसे. त्या पडद्यावर पाहुण्यांचे चेहरे यायचे, आणि ते फोटो मी काढायचे.

‘‘म्हण ना गं. पाणी.’’

कार्यक्रम थेट प्रक्षेपणाचा होता. जे बोललं जाईल ते त्याच क्षणी घराघरांत पोचणार. मला शब्द येत होता. कसा म्हणायचा तेही माहीत होतं. जीभ वर वळवायची, टाळूला लावायची. पण सगळे बघत होते, आणि तोंडातून जे आलं ते घरचं आलं.

‘‘पानी.’’

हशा. बँडमधल्या कुणीतरी झांज वाजवली.

‘‘अहो, कुठून आणलीत हिला? मच्छी मार्केटमधून?’’

मी हसले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. पडद्यावर माझे दात दिसले, एवढे मोठे. माझी आई विरारला मच्छी विकते. त्या वेळी ती मनवेलपाड्याच्या आमच्या खोलीत शेजारच्या बायकांना गोळा करून टीव्हीसमोर बसली होती. माझं काम त्यांना दाखवायला.

काम साधं होतं. विरारजवळ, सातिवलीतल्या एका जुन्या गोदामाचा स्टुडिओ केला होता. शेजारी प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना. गरम प्लास्टिकचा वास आत यायचा म्हणून दाराशी अत्तर फवारायचे. दर रविवारी संध्याकाळी नट-नट्या काचा वर केलेल्या गाड्यांतून यायचे आणि उतरताना विचारायचे, ‘‘हे अजून मुंबईतच आहे ना?’’ प्रत्येक पाहुणा रंगमंचाच्या कडेला स्टुलावर बसायचा. मी त्याचा एक फोटो काढायचे. माझ्या कॅमेऱ्यातून केबल निघायची ती थेट पडद्यापर्यंत. मी बटण दाबलं की तो चेहरा घराएवढा होऊन सगळ्यांसमोर. दुसरी संधी नाही. मला ते आवडायचं. माणूस सावरून बसायच्या आधीचा अर्धा श्वास मला दिसतो. लहानपणापासून मी गप्प बसून माणसं बघत आले, त्याचा तेवढा एक उपयोग झाला.

मी सूचना इंग्रजीत द्यायचे. ‘चिन डाऊन.’ ‘लुक हिअर.’ युनिटला वाटायचं, मुलगी शिष्ट आहे. तसं नव्हतं. इंग्रजीत ण नाही.

आईचं माहेर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं. आमच्या घरात कोण म्हणजे कोन, पाणी म्हणजे पानी. आईने मला हट्टाने इंग्लिश मीडियमला घातलं. तिथे मराठीच्या तासाला बाई मला कविता वाचायला उभं करायच्या आणि दर ओळीला थांबवायच्या. ‘‘ही बघा, ही आणि हिचा न.’’ वर्ग हसायचा. मग मी पळवाटा शिकले. पाण्याला वॉटर. गाण्याला साँग. ‘आणि’ म्हणण्याऐवजी अँड. हळूहळू मराठीत कमी बोलायला लागले, मग एकूणच कमी. लोक आईला म्हणायचे, तुमची मुलगी किती छान इंग्लिश बोलते. आई खूश व्हायची. मी कशापासून पळत होते ते तिला माहीत नव्हतं.

त्या रविवारी कार्यक्रमाच्या निर्मात्या मॅडमनी माझ्या कॉलरला माइक लावला. ‘‘लोकांना तुझं काम ऐकू दे. आणि इंग्लिश नको हं, मराठी शो आहे.’’ पाहुणे एक ज्येष्ठ नट होते. त्यांना नुकताच त्यांच्या गेलेल्या आईचा जुना व्हिडिओ दाखवला होता. ते स्टुलावर बसले आणि डोळे पुसायला रुमाल काढू लागले. मला तो चेहरा पुसलेला नको होता. मी घाईने बोलले, ‘‘सर, डोळ्यातलं पानी राहू द्या.’’

त्यांनी रुमाल खाली घेतला. ते माझ्याकडे बघत होते. फोटो तिथेच होता. मी बटण दाबणार, तेवढ्यात निवेदक मध्ये आला. तो फोटो झालाच नाही. धनुष्यबाण झाला.

घरी गेले तेव्हा शेजारणी निघून गेल्या होत्या. आईने वाढलं. आम्ही जेवलो. जेवताना तिला ठसका लागला. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, ‘‘बाय, पा...’’

थांबली. ठसका चालूच होता. तिने बोटाने तांब्या दाखवला.

मला वाटलं, ठसक्यामुळे. पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने बोंबील किती ताजे विचारलं, तेव्हाही ती अडखळली. मी तिला डबा द्यायला बाजारात गेले होते, समोरच उभी होते. आई एरवी हात नाचवत सांगते, ‘‘बघ, अजून पानी सुटतंय त्याला.’’ त्या दिवशी म्हणाली, ‘‘ओले आहेत, ओले.’’ शेजारची मासळीवाली हसत म्हणाली, ‘‘काय गो, आज शुद्ध बोलतंस? पोरीवानी टीव्हीवर जातंस काय?’’ आईने बर्फ उचलून मासळीवर टाकला. वर बघितलं नाही.

घरी आल्यावर मोरीत भांडी घासताना ती पुटपुटत होती. मी दाराआड उभी राहिले. नळ चालू होता. ती हळू आवाजात म्हणत होती, ‘‘पा... ड... पाड... पानी.’’ पुन्हा. पुन्हा. तिची जीभ वर वळत नव्हती. साठीला आलेली बाई. जी जीभ बाजारात कधी कुणाला हार गेली नाही, त्या जिभेला ती शिक्षेला उभं करत होती.

मी समोर गेले तेव्हा तिने नळ बंद केला. म्हणाली, ‘‘माज्यामुलं झालं ना गो?’’

लाजेने मान खाली गेली. स्टुडिओत वाटली ती लाज हिच्यापुढे काहीच नव्हती. मी वर्षानुवर्षं ज्या पळवाटा काढल्या त्याच ती आता शोधत होती. मला निदान पळायला इंग्रजी होती. तिला कुठे जागा होती?

पुढच्या रविवारी कार्यक्रम ‘कोळीवाडा विशेष’ होता. हे ठरलं माझ्यामुळे. माझी ती क्लिप खूप फिरली होती. मॅडम म्हणाल्या, ‘‘आज तो परत तुला पाणी म्हणायला लावेल. तू परत चूक. मुद्दाम. लोकांना तू क्यूट वाटतेस.’’

मी मान हलवली नाही. नाहीही म्हटलं नाही. माझी सवयच ती.

रंगमंचावर थर्माकोलची होडी होती. नवीन कोरी जाळी, एकही गाठ न भिजलेली. निवेदक लाल टोपी आणि गुडघ्यापर्यंत रुमाल नेसून आला. टोपलीत रबरी पापलेट. त्याने कमरेवर हात ठेवून आरोळी ठोकली, ‘‘कोन हाय गो तिकडं? पानी आन!’’

टाळ्या. शिट्ट्या. लोक उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, केवढी ती कला म्हणून.

मी कॅमेऱ्यामागून बघत होते. तोच शब्द. तोच न. त्याच्या तोंडी कला, माझ्या तोंडी चूक. आईच्या तोंडी तर गुन्हा, रोज मोरीत शिक्षा भोगावी असा.

तो येऊन स्टुलावर बसला. आज पाहुणा तोच होता. माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला.

‘‘हां बाय, काढ आमचा फोटू. पन आधी नीट म्हणून दाखव. पाणी. ण, बाणाचा.’’ त्याने धनुष्य ताणलं. लोक आधीच हसायला लागले होते.

मी म्हणाले, ‘‘तुम्ही आत्ताच पानी म्हणालात. तेव्हा टाळ्या पडल्या.’’

हशा चालूच होता, थोडा कमी.

‘‘अगं, ती अॅक्टिंग होती.’’

‘‘माझी आय तसंच बोलते. मच्छी मार्केटमधे. तुम्ही बरोबर वळखलात.’’ माझा आवाज कापत होता. माइकमधून तो कापतानाच बाहेर गेला. ‘‘तिचं सोंग घेऊन बसलेल्याचा फोटू मी काढनार नाय.’’

मी लेन्सवर झाकण लावलं. केबल काढली.

पडदा करडा झाला. भलामोठा, रिकामा. त्याच्यासमोर तो लाल टोपीत बसला होता, हात अजून धनुष्य धरल्यासारखे. कानातल्या यंत्रात मॅडम ओरडत होत्या. बँडला काय वाजवावं कळेना. कुणी टाळी वाजवली नाही. माझ्या बाजूने कुणी उठलं नाही. मी बॅग उचलून बादल्यांच्या कारखान्यासमोरून चालत रस्त्याला लागले.

काम गेलं. दुसऱ्या स्टुडिओंतही माझं नाव पोचलं आहे. ‘ती लाइव्हमध्ये अडते’ असं सांगतात. आई म्हणाली, ‘‘कशाला केलंस? चार लोकांत गप बसायचं.’’ ती अजूनही तांब्याकडे बोट दाखवते. मी मुद्दाम विचारते, ‘‘काय देऊ?’’ ती म्हणते, ‘‘ते.’’

हे लिहिताना प्रत्येक ण मी जागेवर ठेवला आहे. तो मला येतो, हे कुणाला सिद्ध करून दाखवायला नव्हे; पानी मी निवडून म्हणते, एवढं कळावं म्हणून. आता लग्नांचे, बारशांचे फोटो काढते. पहिल्याच वाक्यात, मोठ्याने, पानी मागते. कुणी हसलं तर हसू देते, पण मी हसत नाही. कुणी दुरुस्त करायला आलं तर कॅमेरा खाली घेते आणि त्याचं बोलून होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. बघणं मला येतं.

आई जोवर ‘ते’ म्हणेल, तोवर मी तिला तांब्या देणार नाही. ती रागावेल, शिव्या देईल. त्याही तिच्याच बोलीत असतील. माझ्या घरात तो शब्द मी मरू देणार नाही.