उकळलेला पट्टा

लेक पाचवीत असताना पिंपळवंडीच्या शाळेच्या मैदानावर कराटेचा वर्ग सुरू झाला. तिनं नाव घातलं तेव्हा मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात माझं बोलणं तेवढंच असायचं.

टोमॅटोचा तोडा चालला की ती माझ्याबरोबर सरीतून चालत पट्ट्यांचे रंग सांगायची. पांढरा म्हणजे कोरी पाटी. पिवळा म्हणजे कोवळं ऊन. हिरवा म्हणजे कोंब वर आला. तपकिरी म्हणजे दाणा भरला, पिकला.

"आन् काळा?"

"काळा म्हंजी कशाचंच भ्या न्हाई."

माझी शाळा चौथीत सुटली. भीती नसण्याचीही परीक्षा असते, हे मला नवं होतं.

एकदा म्हणाली, "आई, पट्टा धुवायचा नसतो. आपला घाम त्यात ऱ्हातो, तीच आपली शिकवन."

"मंग सासरी कुणी इचारलं वास कसला येतोय, तर शिकवनीचा हाय म्हण."

दोघी लई हसलो. ती थट्टा करतेय असंच मी धरलं.

अकरावीत तिची काळ्या पट्ट्याची परीक्षा पुण्यात ठरली. तिच्या वडिलांना, तिच्या दादांना, ते पसंत नव्हतं. पोरगी वाढली, आता पाय उडवणं बंद, असं रोज चालायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती कॉलेजला गेली आणि मी तिचे कपडे धुवायला काढले. तपकिरी पट्टा घामानं कडक झाला होता. परक्या माणसांपुढे ती असल्या पट्ट्यानं उभी राहिली तर लोक आईला नावं ठेवतील, असं वाटलं. सगळं एकत्रच सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातलं. काठीनं ढवळता ढवळता पाणी चहासारखं झालं. पांढरा पोशाख डागाळला, पट्टा जागोजाग विटला.

तिनं येऊन दोरीवर बघितलं. वडील ओट्यावरून म्हणाले, "बरं झालं. देवालाच नगं व्हतं."

ती माझ्याकडं वळली. "दादांनी सांगितलं म्हनून उकाळलास ना?"

नाही म्हणायचं होतं. पण ते समोर बसले होते. माझी मान खाली गेली, आणि तिला तोच होकार वाटला. मैत्रिणीचा पोशाख मागून जा, एवढं तरी म्हणायला हवं होतं. ती गेलीच नाही. बारावी झाल्यावर तिला लोणीला दिली.

आता दिवाळीला आली आहे. आज सकाळी भाकरी करताना दोघीच होतो. इतक्या वर्षांनी मी म्हटलं, "तवा मी मुद्दाम न्हाई केलं गं."

तिचे हात थांबले नाहीत. "आता काय त्याचं, आई."

तिनं मानलं की नाही, मला कळलं नाही. दिवसभर तिच्या मागं-पुढं करते आहे, पुन्हा विचारायचा धीर होत नाही. उद्या सकाळच्या एसटीनं ती परत जाईल.