कबूल केलेले किलोमीटर

आत्या गाडीचा मागचा दरवाजा कधी पटकन लावत नसे. आधी ओट्यांवरून नजर फिरवायची, मग रस्त्यापर्यंत चालत जाऊन बघायची. येणारं कुणी नाही अशी खात्री पटली की मगच दार धाडकन लागायचं. "मोकळी शीट फिरवायला गाडी घेतली न्हाय मी," हे ठरलेलं वाक्य. आपल्याला भिवंडीला घाईचं काम असो नसो, आत्याबरोबर निघायचं म्हणजे मांडीवर कुणाचं तरी पोर किंवा सुक्या बोंबलाची पिशवी येणारच.

माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. अख्खं दापोडं गाव तिला 'डायवर आत्या' म्हणायचं. शेताच्या जागी गोदाम उभं राहिलं, पुढे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. बरोबरीच्या बायका गुडघ्यांना तेल चोळत बसल्या त्या वयात हिने गाडी शिकून घेतली आणि छोटी पांढरी मोटार दारात आणून उभी केली. कंटेनरवाल्यांना ती अजिबात भ्यायची नाही. कुणी अंगावर आला की काच खाली करून आपल्या खास हिंदीत सुनवायची, "भाऊ, इतना बडा गाडी दिया तुमको, थोडा बडा दिल पन रखो ना!" ते बिचारे हसून वाट द्यायचे.

गाडी तिची, पण चालायची गावाची. कुणाची हळद, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासऱ्याचे डोळे. मागच्या सीटवर हळदीचे डाग कायमचे बसले होते आणि ते धुवायला तिने कधी दिले नाहीत.

विम्याचं काम भिवंडीच्या निजामपुऱ्यातला सलीम बघायचा. एका वर्षी त्याने नवी पॉलिसी आणली. वर्षाला गाडी किती किलोमीटर चालणार ते आधीच सांगायचं. कमी सांगितलं तर हप्ता कमी. "खाला, सबसे छोटावाला डालते," सलीम म्हणाला. "अडीच हजार. सब लोग वोहीच बोलते."

"आन त्याच्यावर चालली तर?"

"फिर बीच में बढाना पडेगा. नहीं बढाया और गाडी ठुकी, तो खर्चा अपना."

आत्याचा चेहरा एकदम बदलला. कारण मला माहीत होतं. गोदामाला विकलेली जागा दाखवताना यजमानांनी आपल्याकडे राहणारी जमिनीची पट्टी अंदाजाने सांगितली, थोडी कमीच. भिंत उठली तेव्हा तिचा बांधावरचा रायवळ आंबा भिंतीच्या आत गेला होता. पुढची कितीतरी वर्षं ती भिंतीवरून डोकावणारा मोहर खालून बघत राहिली. "अंदाजानं बोल्लं ते आपलं ऱ्हात न्हाय," ती सलीमला म्हणाली. "थांब, इचारून सांगते."

आणि ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. शेजारच्या जनाकाकीपासून सुरुवात झाली. "जना, सुनंचे दिस कवा भरतान? ठाण्याला किती येला न्यायची?" मग पलीकडची, मग त्याच्या पलीकडची. लग्नं किती, साखरपुडे किती, पडघ्याच्या बाजाराला कोण येणार, सगळी चौकशी झाली. बायका हसून हसून बेजार. सलीमचा चहा निवून गेला. "आता जल्म धरलं, लगीन धरलं," आत्या शेवटी म्हणाली, "सांगून न येनारंबी धर थोडं." आकडा साडेसात हजारांवर गेला. हप्ता वाढला, तो तिने कुरकुर न करता भरला.

पण एक गोष्ट कुणी तिला नीट समजावली नव्हती. कबूल केलं म्हणजे तेवढं चालवायलाच हवं, अशी तिची समजूत! वर्ष संपत आलं आणि मीटर बघून तिची झोप उडाली. जनाकाकीची सून माहेरीच बाळंत झाली होती, एक साखरपुडा मोडला होता. "खाला, कम चला तो कुछ नहीं होता," सलीमने परोपरीने सांगितलं. "तुज्या विम्याला न्हाय होत. मी बोल्लेय ना!" असं म्हणून तिने ओट्यावरच्या तमाम म्हाताऱ्या गाडीत कोंबल्या आणि वज्रेश्वरीच्या गरम पाण्याला नेल्या. मग टिटवाळ्याला. जनाकाकी तर म्हणाली, असा विमा दर साल काढ गं बाय.

तरी थोडे किलोमीटर उरलेच. तेवढ्यात एका सकाळी आत्याच्या छातीत कळ आली आणि गाडी मला चालवावी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मागच्या सीटवर होती. मी घामाने भिजलेला, तर नाक्यावर पोहोचताच मागून क्षीण आवाज आला, "ती बाय उभी हाय बघ पोराला घेऊन. गाडी थांबव. फुडची शीट मोकळी हाय."

"आत्या, गप पड गं!"

"तिला बी ठाण्यालाच जायाचं असंल."

थांबवली. काय करणार? त्या बाईला खरंच ठाण्याला जायचं होतं, आणि वाटभर आत्याचा हात धरून तीच मागे बसली.

दवाखान्यात जरा सावरल्यावर पहिला प्रश्न, "झालं पुरं?" मी मीटर बघून आलो आणि खरं ते सांगितलं, अजून थोडे बाकी आहेत. "मंग मला घरी न्यायला ऱ्हायलेत ते," ती म्हणाली आणि निवांत झोपली. तिला मी घरी आणलं. त्यानंतर तिने स्टिअरिंग धरलं नाही, पण दोन वर्षं ओट्यावर बसून मी मागचं दार कधी लावतो यावर नजर ठेवली. यंदाच्या पाडव्याआधी ती गेली. तो ओटा अजून बघवत नाही मला.

परवा सलीमचा फोन आला. "भाई, इस साल कितना डालूं?"

"थांब, विचारून सांगतो," म्हटलं आणि ओट्यावर जाऊन उभा राहिलो. जनाकाकीला हाक मारली. तिने पदर डोळ्यांना लावला आणि मग थोरल्या नातीच्या लग्नापासून सांगायला सुरुवात केली. सगळं मांडून झाल्यावर सांगून न येणारे थोडे किलोमीटर मी वर धरले.