वझेसरांचा शंभर टक्के निकाल

वझेसर गेल्याचं मला युसुफच्या कार्डावरून कळलं. युसुफ माझा शाळेतला मित्र, रेवदंड्याला त्याचं कापडाचं दुकान आहे. निळ्या शाईत चारच ओळी होत्या. ‘आपल्या वझेसरांचा काल सकाळी इंतकाल झाला. त्रास झाला नाही. शाळा सोडून दिली, बाजारही बंद होता. तू यायला पाहिजेस.’ मी तेव्हा पुण्यात कॉलेजवर जायला निघालो होतो. कार्ड खिशात घातलं, जाऊन दोन तास शिकवले आणि संध्याकाळी घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्हाला त्यांनी घडवलं. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही तुमच्या?’ नव्हतं खरं. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. सरांच्या स्मरणार्थ शाळा काढत असलेल्या या पुरवणीत मीच लिहावं, असं शाळेच्या मंडळींनी कळवलं आहे. सरांबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ निघतील आणि त्यांचं लिहिणं खोटं नसेल. मी घडलं ते लिहितो.

आमची शाळा चौलला, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये. कौलारू, लांबट, फक्त मुलांची. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी वझेसर तिथे हेडमास्तर म्हणून आले. झेंडावंदन झालं, साखर वाटून झाली, तेव्हा ते पायरीवर उभे राहून एवढंच बोलले, ‘इंग्रज गेले. आता तुमच्या नापास होण्याला कारण उरलेलं नाही.’ सगळे हसले. सर हसले नव्हते, हे आम्हाला पुढे कळलं. तोवर आमच्या शाळेतून मॅट्रिकला बसणारी निम्मी मुलं परत वाडीत नाहीतर होडीवर जायची. सरांनी पहाटेचा वर्ग सुरू केला. पाच वाजता कंदील घेऊन ते स्वतः हजर असत आणि ज्याच्या घरी दिवा नाही त्याच्या घरी उठवायला जात. परीक्षा अलिबागला असायची. गावातल्या घराघरांतून तांदूळ, नारळ, सुकी मासळी गोळा होऊन बैलगाडीवर चढायची आणि तिकडे धर्मशाळेत सर, जन्माचे शाकाहारी, आगरी-कोळ्यांच्या पोरांना बोंबील भाजू द्यायचे, भात मात्र स्वतः शिजवायचे. गॅदरिंगचं नाटक तेच बसवायचे. गावाला ते देवासारखे वाटत होते, आणि गावाचं काही चुकत नव्हतं.

आम्ही दोघे भाऊ एकाच वर्गात होतो. अण्णा, म्हणजे विश्वनाथ, माझ्याहून दीड वर्षानं मोठा. मुदतीच्या तापात त्याचं एक वर्ष बुडालं म्हणून तो माझ्या वर्गात आला. आमचे वडील वाडी करायचे, त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. तो ‘थोरला’, मी ‘धाकटा’. मी अभ्यासू होतो, पाठ करायचो, अक्षर सुंदर काढायचो. अण्णा वेगळाच होता. भूमितीचं रायडर, म्हणजे प्रमेयावरून सोडवायचं उदाहरण, फळ्यावर लिहून होईस्तोवर त्याला उत्तर दिसलेलं असायचं. रहाटावर बैल हाकताना तो मला तोंडी गणितं घालायचा आणि मी अडलो की बैलाला सांगायचा, ‘बघ रं, तुलाबी आलं असतं.’

नववीत असताना सरांनी एक रायडर घातलं आणि अण्णानं दोन ओळींत सोडवून पाटी पुढे केली. सर म्हणाले, ‘पायऱ्या कुठे आहेत?’ अण्णा सहज म्हणाला, ‘उत्तर बरोबर हाय ना, सर?’ उद्धटपणा नव्हता त्यात. त्याला खरंच विचारायचं होतं. पण मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. सरांनी पाटी घेतली, बोटानं उत्तर पुसलं आणि तिथे शून्य काढलं.

तिथून सुरू झालं. दर शनिवारी सर आठवड्याच्या वह्या तपासून गुण वाचून दाखवायचे. अण्णाची उत्तरं बरोबर असायची आणि त्याला शून्य मिळायचं. त्यानं पायऱ्या लिहायला सुरुवात केली, तेव्हा अक्षरासाठी शून्य. अक्षर सुधारलं, तेव्हा सर म्हणाले, ‘हे धाकट्याचं बघून लिहिलंय.’ एका शनिवारी त्यांनी मला पुढे बोलावलं आणि वेताची छडी माझ्या हातात दिली. ‘धाकट्या, थोरल्याची शून्यं किती?’

‘चार, सर.’

‘चार मार.’

मी अण्णाच्या तळहातावर छडी टेकवल्यासारखी मारली. सर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, ‘ही मोजली नाही. अशी आणखी एक मारलीस, तर तुला आठ.’ अण्णानं माझ्याकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘मार, केशा. उगी थांबू नको.’ मी मारलं. दुपारी आम्ही दोघे एकाच डब्यातली भाकरी खात होतो. तो डाव्या हातानं खात होता.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष, दर शनिवारी... मला जमायला लागलं. छडी कुठे धरायची, मनगट कसं फिरवायचं, हे मला कळलं. एका शनिवारी सर आजारी होते आणि गुण वाचले गेले नाहीत, तेव्हा मला चुकल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. वर्ग मात्र सुधारत होता, डोळ्यांना दिसत होतं. आधी टिवल्याबावल्या करणारी मुलं पहाटे सरांच्या आधी येऊन बसायची. युसुफ, ज्याला पाढे येत नव्हते, तो बीजगणितात साठाच्या वर गेला. अलिबागला आंतरशालेय गणिताची स्पर्धा झाली, तिथे सरांनी मला पाठवलं आणि मी ढाल घेऊन आलो. स्पर्धेतली तीन उत्तरं अण्णानं मला आदल्या आठवड्यात रहाटावर शिकवलेली होती.

अकरावीच्या फॉर्मची वेळ आली. तेवीस मुलांपैकी बावीस जणांचे फॉर्म भरले गेले. अण्णाचा सरांनी भरला नाही. चाचणीत इंग्रजीत त्याला पास व्हायला सहा गुण कमी पडले होते, पण त्याच्याहून मागे असलेल्या दोघांचे भरले होते. वडील शाळेत आले. मी ऑफिसबाहेर उभा होतो. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली होती. सरांनी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी स्वतः आणून दिलं. वडील म्हणाले, ‘सर, यकदा बसू द्या त्याला. नापास झाला तर माजं नशीब.’

सर अतिशय मऊ आवाजात बोलले, ‘नशीब तुमचं, निकाल शाळेचा. तुम्हाला दोन मुलगे आहेत. एक मला दिलात, त्याचं सोनं करतो. एक वाडीला ठेवा. त्याच्या डोक्यात काही राहत नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार?’

वडिलांनी बाहेर येऊन टोपी घातली. घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘सर म्हंत्यात, थोरल्याच्या डोक्यात काय राहात न्हाय.’ त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं. सरांसारखा माणूस, समोर खुर्ची देऊन, पाणी देऊन सांगतो, ते खोटं कसं असेल? त्या दिवसापासून घरात कोणी अण्णाला हिशोबाचं काही विचारेनासं झालं. बाजारात जायचं असलं की वडील मला बरोबर घ्यायचे.

निकाल लागला. बावीसपैकी बावीस पास, आणि मी बोर्डाच्या यादीत वरच्या नंबरात. कुलाबा जिल्ह्यात आमच्या शाळेचं नाव झालं. गावानं लेझीम लावून मिरवणूक काढली, मला पुढे घातलं, सर माझ्या शेजारून चालत होते. मिरवणूक आमच्या वाडीवरून गेली तेव्हा अण्णा माडावर चढलेला होता. आई खालून हाका मारत होती, ‘अरे उतर, केशवची मिरवणूक आली.’ तो वरच थांबला. मी वर बघितलं नाही. लेझीम पुढे गेल्यावर मागे नारळ पडायला लागल्याचा आवाज आला, एकामागून एक. त्याच महिन्यात मामांनी त्याला श्रीवर्धनला त्यांच्या वाडीत कामाला नेलं.

सरांची आणि माझी शेवटची भेट सहा वर्षांपूर्वीची. ते निवृत्त होऊन रेवदंड्याला एका खोलीत राहत होते. दिसत कमी होतं, कान शाबूत होते. मी कॉलेजात गणित विभागाचा प्रमुख झालो म्हणून पेढे घेऊन गेलो होतो. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि एकाएकी विचारलं, ‘थोरला काय करतो?’

‘श्रीवर्धनला असतो, सर. मामांच्या वाडीत.’

‘तो तुझ्याहून हुशार होता,’ सर म्हणाले. ‘तुझ्याहूनच नव्हे. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांत.’

मला वाटलं, वयानं गोंधळ होतोय. मी विचारलं, ‘मग तसं का केलंत, सर?’

‘ढ मुलाला मारून कोण घाबरतं?’ ते म्हणाले. गणिताची रीत समजावून सांगावी तसा त्यांचा आवाज होता. ‘वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला शून्य मिळतं म्हटल्यावर बाकीचे आपोआप अभ्यासाला बसतात. बसले की नाही? युसुफ पास झाला की नाही?’

‘आणि फॉर्म?’

‘तो पास झाला असता. मग पोरांना कळलं असतं, वझ्यांना न जुमानताही पास होता येतं. पुढच्या वर्षी मी कोणाच्या जिवावर वर्ग चालवला असता?’ मग त्यांनी पेढा तोंडात टाकला. ‘चांगला आहे. अलिबागचा?’

मी हो म्हणालो. उठलो आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. का ठेवलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ही गोष्ट मी अण्णाला कळवली नाही. त्या वर्षी दिवाळीला तो भेटला, नंतर वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही दोघं पंधरा दिवस एका घरात होतो. वडील गेले, त्यांचं सगळं झालं, तरी मी बोललो नाही. त्याला उगाच दुःख कशाला द्यायचं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण तेवढं सज्जन नव्हतं. सरांच्या त्या वाक्यात अण्णा पहिला होता, म्हणजे मी दुसरा होतो.

युसुफच्या कार्डानंतर मी शाळेतल्या शोकसभेला गेलो. मला बोलायला सांगितलं आणि मी सरांची पहाट, कंदील, अलिबागचा भात, सगळं सांगितलं. लोक रडले. दुसऱ्या दिवशी पुण्याला परतायच्या ऐवजी खाडी ओलांडायला साळावची तर, म्हणजे होडी, धरली, मुरूडला गेलो, राजपुरीहून होडीनं दिघीला उतरलो आणि दुपारी श्रीवर्धनला पोचलो. अण्णा अंगणात सुपारी पसरत होता. केस पांढरे झालेत त्याचे. मला बघून त्याला आनंद झाला. मी बसलो आणि घोटभर पाणी पिऊन त्याला सगळं सांगितलं, सरांच्याच शब्दांत, काही न गाळता.

तो सुपारी हातानं सारखी करत ऐकत होता. माझं झाल्यावर त्यानं एक किडकी सुपारी वेचून बाजूला टाकली. मग म्हणाला, ‘कवा बोलले सर हे?’

‘सहा वर्षं झाली.’

‘सहा.’ तो मनाशी काहीतरी मांडत होता, पूर्वी मांडायचा तसं, ओठ न हलवता. उत्तर मिळाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं.

‘म्हंजे बाबा होते तवा,’ तो म्हणाला. ‘त्यांना सांगता आलं असतं, केशा.’

त्यानं हात झटकले, उठला, आणि ओटीच्या दाराशी जाऊन आत वहिनीला हाक मारली.

‘अगं, पाहुण्यांना चहा ठेव. त्यांची एस्टी हाय साडेचारची.’