उजवीकडचं तळं

काकूंनी जग पुष्कळ पाहिलं, पण पाहिलं ते सगळं डाव्या बाजूचं.

लग्न होऊन आल्यापासून त्या काकांच्या मोटारसायकलवर मागे बसत आल्या, आणि बसायच्या त्या एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून. नवेपणी सासूबाईंच्या देखत तसंच बसणं बरं दिसायचं. पुढे सासूबाई गेल्या, कपड्यांच्या तऱ्हा बदलल्या, गल्लीतल्या मुली दोन्हीकडे पाय टाकून भुर्रकन जायला लागल्या. पण तोवर काकूंचं अंग त्या बसण्याला वळलं होतं, आणि नंतर तर कंबरेच्या सांध्यानेच नन्नाचा पाढा लावला. तेव्हा तीसेक वर्षांच्या भटकंतीत जे जे डावीकडे आलं ते काकूंचं झालं. डावीकडचे डोंगर, डावीकडची शेतं, डावीकडच्या घरांच्या पायऱ्यांवर बसून केस विंचरणाऱ्या बायका. उजवीकडचं सगळं त्यांच्या पाठीमागून सूं करून निघून जायचं.

कोणी म्हणेल, येताना तरी उजवीकडचं डावीकडे येतच असेल की. आलं असतं. पण काकांचा एक नेम होता. गेल्या रस्त्याने परत यायचं नाही. मग चार गावांचा वळसा पडो, पेट्रोल जास्त जळो, घरी पोचायला दिवेलागण होवो. "त्याच रस्त्याने यायचं तर गेलो कशाला?" असं ते म्हणत.

काकांचा धंदा कवळ्या करण्याचा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खाली मेणाचे गुलाबी तुकडे, छोटा दिवा, कोरण्या, आणि कोपऱ्यात पॉलिशचं चाक. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि काका त्यांवरून एकेक दात मेणात असा बसवायचे की घालणाऱ्याच्या सुनेलाही शंका येऊ नये. गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. संध्याकाळी गिऱ्हाइकांचे दात झाकून ठेवले की त्याच चाकावर मोटारसायकलचे सुटे भाग चढत. सकाळी कोणाचे दात चमकायचे, संध्याकाळी गाडीचा दिवा.

त्या गाडीला गल्लीने नाव ठेवलं होतं थोरली. कारण ती काकांच्या घरात काकूंच्या आधी आलेली. शेजारीण काकूंना हटकून विचारायची, "काय, आज थोरलीची पाळी की धाकटीची?" काकू म्हणायच्या, "थोरलीची तब्येत नाजूक, तिला जपावं लागतं. आम्ही काय, धडधाकट." म्हणायला हसून म्हणायच्या, पण थोरलीची टाकी पुसायचं मऊ फडकं त्या स्वतः धुवायच्या, दुसऱ्या कपड्यांत मिसळू द्यायच्या नाहीत.

दरवर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरे. मोठं मैदान, दोऱ्या बांधून केलेले रस्ते, आणि ओळीने उभ्या म्हाताऱ्या मोटारसायकली, लग्नघरात नटून बसलेल्या आज्यांसारख्या. परीक्षक वाकून वाकून बघत. गाडी कारखान्यातून आली तशीच आहे का, याला तिथे सगळ्यांत मान. काकांचा जीव त्यातच अडकलेला. थोरलीवर परका स्क्रूसुद्धा चढता कामा नये. मागच्या दिव्याच्या एका लाल काचेसाठी त्यांनी किती प्रदर्शनं पालथी घातली, ते काकूच जाणोत. काकू आपली घडीची खुर्ची टाकून थोरलीशेजारी बसत. लोक येत, टाकीवर हात फिरवायला बघत, आमच्या वडिलांकडे अशीच होती म्हणत, आणि डोळे पुसत निघून जात. काका त्यांना सफरींच्या गोष्टी सांगत. अमक्या घाटात असा सुळका, तमक्या गावात असा पूल. काकू ऐकून गालात हसत. ते सुळके आणि ते पूल डावीकडचे होते. गाडी चालवणाऱ्याचे डोळे खड्ड्यांवर, खडीवर, समोरच्या ट्रकवर. बाजूला काय होतं ते मुक्कामाला पोचल्यावर काकूच सांगायच्या, आणि वर्षभरात ते काकांनी पाहिलेलं होऊन जायचं.

फक्त एक गोष्ट काकांनी स्वतः पाहिली होती. फार वर्षांपूर्वी, वरच्या पठाराकडे जाताना, अचानक त्यांचा खांदा हलला आणि ते काहीतरी ओरडले. वाऱ्यात काकूंना एवढंच कळलं, "बघ". काकूंनी मान वळवली तर आधी नवऱ्याची पाठ, मग पिशवी, आणि पिशवीपलीकडे पाहीपर्यंत वळण आलं. मुक्कामाला काका म्हणाले, उजवीकडे, रस्त्याला लागून तळं होतं. इतकं निवांत की आभाळ जसंच्या तसं त्यात ठेवलेलं. आणि पांढरे पक्षी, असे की काठ दिसू नये. थोरलीचा आवाज ऐकून सगळे एकदम उठले.

काकूंच्या मनात ते तळं जाऊन बसलं. दोरीवरची चादर वाऱ्याने फुगली की त्यांना पक्षी उठलेले दिसत. भांडं घासताना तळाशी पाणी स्थिर झालं की त्या क्षणभर थांबत. इस्त्री करताना, शेंगा सोलताना, दुपारच्या पडल्या पडल्या झोपेत काकू त्या काठाने चालत, आणि तिथे त्यांची कंबर दुखत नसे. काका दर प्रदर्शनात ती गोष्ट सांगत, आणि दर वर्षी पक्षी वाढत. रोज देवापुढे हात जोडून काकू सगळ्यांचं मागत: लेकीचं, जावयाचं, नातवंडांचं, काकांच्या डोळ्यांचं आणि हातांचं. सगळं मागून झालं की जरा ओशाळून शेवटी म्हणत, आणि ते तळं. देवाकडे मागायची ही काय गोष्ट, असं त्यांनाच वाटे. पण देवाला चोरून काही मनात ठेवायचं नाही, एवढं त्या पाळत.

मग काकांच्या डाव्या हाताने दगा दिला. आधी बोटांना मुंग्या, मग कोरणी हातातून निसटू लागली, आणि एका संध्याकाळी चौकात क्लच दाबलाच जाईना. डॉक्टर म्हणाले, मनगटातली शीर दबली आहे, शस्त्रक्रिया करू. दात बसवता येतील. ही अवजड गाडी मात्र विसरा. लेकीने फोनवर बापाला रागे भरून घेतलं आणि मग स्वतःच रडली. काका दोन दिवस पॉलिशच्या चाकापाशी नुसते बसून राहिले. शेवटी त्यांनी जुन्या वाहनांच्या संग्रहालयाच्या गृहस्थांना निरोप धाडला, की यंदाचं प्रदर्शन झालं की थोरलीला तिथूनच घेऊन जा. शस्त्रक्रिया त्यानंतर. एवढी एक सफर हात निभावेल. परत येऊ बसने.

प्रदर्शन यंदा पठारावर होतं. जायचा रस्ता तोच, तळ्याचा. काकूंनी ऐकलं आणि मनाशी हिशेब केला. म्हणजे पुन्हा एकदा ते त्यांच्या पाठीमागून जाणार, आणि ही शेवटची वेळ.

संग्रहालयवाले गृहस्थ गाडी बघायला आले तेव्हा काका रंगात आले आणि तळ्याची गोष्ट निघाली. काय ते पाणी, काय ते पक्षी. "आम्ही दोघांनी पाहिलं ते, हिला विचारा." काकू चहाचे कप घेऊन येत होत्या. त्यांनी कप ठेवले.

"तुम्ही पाहिलंत," त्या म्हणाल्या. "माझी पाठ होती तिकडे."

आवाजात राग नव्हता. साखर लागेल का, असं विचारावं तसं त्या बोलल्या आणि आत गेल्या. गृहस्थ चहात बघत राहिले.

पुढे एका दुपारी पुढच्या खोलीतून ड्रिलचा आवाज आला. दातांच्या कामाचा बारीक नव्हे, लोखंडात शिरणारा. काकू हात पुसत गेल्या. काका जमिनीवर बसलेले, आणि थोरलीच्या उजव्या अंगाला, सायलेन्सरच्या वर, त्यांनी चक्क भोक पाडलं होतं. शेजारी एक जाड पत्र्याची पायपट्टी, कडा घासून गोल केलेल्या, आणि खाली आच लागू नये म्हणून दुसरा पत्रा. ज्या माणसाने परका स्क्रू चढू दिला नाही त्याच्या हातून हे होताना बघून काकू उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, गुण कापतील," एवढंच त्या म्हणाल्या.

"पाय ठेवून बघ. उंची बरोबर आहे का सांग."

गल्लीत सराव झाला त्याची वेगळीच गंमत. इतकी वर्षं काकूंचा भार डावीकडे धरून चालवायची काकांच्या अंगाला सवय. काकू उजवीकडे तोंड करून बसल्या तशी गाडी दारुड्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "काय काका, धाकटी पहिल्यांदाच बसली वाटतं?" काका म्हणाले, तसंच समजा. काकूंनी पदराआड तोंड लपवलं, पण कान लाल झालेले शेजारणीला दिसलेच.

निघाले ते पहाटे धुकं असताना. काकूंनी देवाचं नाव घेतलं आणि उजव्या पट्टीवर पाय ठेवले. मग उजाडत गेलं आणि उजवीकडचं जग सावकाश उघडत गेलं. शाळेची मागची भिंत आणि तिच्यावर कोणी खडूने काढलेलं जहाज. विटांचे ढीग. एका घराच्या खिडकीत उन्हाला ठेवलेली उशी. काही विशेष नाही, डावीकडे असतं तसंच सगळं. पण काकूंना वाटत होतं की इतकी वर्षं अर्ध्या घरात राहिलो, आणि आज कोणी मधलं दार उघडलं. त्या बोलत राहिल्या, नेहमीसारख्या, जे दिसेल ते वाऱ्याला सांगत. काका नेहमीसारखे मध्येच "हं" म्हणत राहिले.

मग झाडं विरळ झाली आणि खाली काहीतरी लखलखलं.

काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा."

थोरली तापलेली असताना बंद केली की तासभर रुसायची. परीक्षक दुपारच्या आत सगळ्या गाड्या बघून मोकळे होणार होते. हे काकूंना ठाऊक होतं, आणि काकूंना ठाऊक आहे हे काकांना. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली.

आवाज थांबला तशी इतकी शांतता झाली की दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तळं होतं. पण केवढंसं. गोल नव्हतं, एका कोपऱ्यात गवत माजलेलं, आणि पक्षी म्हणाल तर पाच-सहा, तेही पाय पोटाशी घेऊन उभे.

काकांनी हेल्मेट काढलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "लहानच आहे गं. मी किती मोठं सांगत होतो."

"तुम्ही तरी थांबून कुठे पाहिलं होतंत? बसा आता. बघू."

दोघं दगडावर बसली. काकूंनी डबा उघडला. पाण्यात आभाळ होतं, तेवढं मात्र काकांनी खरं सांगितलं होतं. एक ढग या काठावरून त्या काठावर गेला. खाणं होईतो पलीकडच्या शेतांवरून दोन पक्षी आले, मग चार, मग मोजायचं सुटलं. येत आणि पाय पुढे करून अलगद उतरत. गवताचा कोपरा पांढरा झाला, मग काठ पांढरा झाला. काकूंचे हात आपोआप जोडले गेले. काही मागायचं राहिलं नव्हतं, तरी त्या तशाच बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "मागे बसून तू एवढं काय बोलत असायचीस?"

"जे दिसेल ते."

"मला वाऱ्यात एक अक्षर कळायचं नाही."

"ठाऊक आहे. तुम्ही हं म्हणायचात ना, तेवढ्यावर चालायचं माझं."

थोरली तिच्या मनात आलं तेव्हा सुरू झाली. मैदानात पोचले तर परीक्षक जेवायला बसलेले, निकाल लागलेला. संग्रहालयवाले वाट बघत होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, उजवीकडे येऊन थबकले आणि अदबीने म्हणाले, ही पायपट्टी काढून घेऊ, भोक बुजवता येईल.

"गाडी न्या," काका म्हणाले. "पायपट्टी काढायची नाही."

"पण काका, ती कंपनीची नाही."

"नाही. ती हिची आहे."

काकूंनी मऊ फडक्याने टाकी शेवटची पुसली, फडक्याची घडी केली आणि ती सीटखाली ठेवून दिली. थोरली टेम्पोत चढली. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत काका तिथेच उभे होते. काकूंनी त्यांचा दुखरा हात आपल्या हातात घेतला, आणि ते बसथांब्याकडे निघाले.

बस त्याच रस्त्याने जाणार हे कळल्यावर काका चुळबुळले. काकू म्हणाल्या, ड्रायव्हरला सांगून बघा, वळसा घालतो का. मग त्यांनीच काकांना डावीकडच्या खिडकीत बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा काकांसमोर रस्ता नव्हता, खड्डे नव्हते, ट्रक नव्हता. थोडा वेळ त्यांचे पाय ब्रेक शोधत राहिले. मग ते खिडकीला टेकले आणि बघू लागले. अगं, त्या छपरावर भोपळे ठेवलेत. अगं, तो माणूस सायकलवर आरसा घेऊन चाललाय, सगळं आभाळ घेऊन चाललाय बघ. काकूंना दिवसभराचा थकवा आला होता. त्यांनी काकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. बघायला आज दुसरं कोणी होतं.

"अगं, तळं आलं. उठ."

"तुम्ही सांगा," काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "मी ऐकतेय."

काका सांगू लागले. पाणी आता तांबूस झालंय. पक्षी सगळे परतलेत, काठ दिसत नाही, शंभर तरी असतील. शंभर कसले, जास्तच.

"हं," काकू म्हणाल्या.