दोन छटा उजळ

"आजी, डोळे मिटा. दोन शेड उजळ लावते, म्हणजे स्टेजवर चेहरा उठून दिसेल."

मी डोळे मिटले. ओला स्पंज कपाळावरून गालांवर आला, गालांवरून मानेवर. माझे वय एकाहत्तर. स्थळ, आखातातल्या अल दुहैलमधल्या एका शाळेच्या सभागृहामागची खोली. महिला दिनानिमित्त मराठी मंडळाच्या वतीने माझा सत्कार व्हायचा होता. मंडळाच्या कार्यवाह मेघनाताई शेजारी उभ्या राहून त्या मुलीला सूचना देत होत्या.

"हातही घे गं. शाल घेताना हातच दिसतात."

मी हात पुढे केले. कुणी न सांगता बाह्याही वर सारल्या.

ही आज्ञाधारकता जुनी आहे. नऊ वर्षांची असताना मी दाराआडून वडिलांचे शब्द ऐकले होते. ते आईला म्हणत होते, "रंग नाही दिला देवाने, निदान विद्या तरी असू दे पोरीला." दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्यांनी मला संस्कृत शिकवायला आरंभ केला. ज्या वाणीने मला पुढे शाळेत अध्यापिकेचे पद दिले, वैधव्यात आधार दिला, त्या वाणीचे दार माझ्यासाठी कौतुकाने उघडले नव्हते. कीव येऊन उघडले होते. हे मी कधी कुणाला सांगितले नाही.

मुलगा रास लफानला अभियंता आहे. त्याच्याकडे अल गराफात राहायला आले त्याला आता सहा वर्षे होतील. गणपतीला, पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात शांतिपाठ आणि स्तोत्रे मीच म्हणते. परंतु सत्कार त्यासाठी नव्हता. तो होता रुग्णालयात एकट्या पडलेल्या बायकांच्या सेवेसाठी. आणि ती सेवा मी सुरू केलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून माझ्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात आमच्या कक्षाची सफाई एस्तेर करीत असे. केनियाची. वय पस्तिशीचे. माझ्याहून काळी. हे मी पहिल्याच दिवशी मनात टिपले, आणि मला बरे वाटले. लिहिताना हात थबकतो, तरीही लिहिते. मला बरे वाटले.

फरशी पुसून झाली की ती माझ्या उशाशी पाण्याचा पेला भरून, झाकून ठेवी. ते तिचे काम नव्हते. मी ते पाणी पीत नसे. अंगी मुरलेले सोवळे मी परदेशातही सांभाळून होते. सून डबा घेऊन येई, तिच्याकडून पाणी मागून घेई. असे अकरा दिवस.

अकराव्या दिवशी एस्तेर माझ्या खाटेपाशी आली. "अम्मा, कोने में एक औरत है. कुछ बोलती है. मैं हाथ पकडती, जवाब नहीं आता. भाषा आपका है."

चाकांच्या खुर्चीत बसवून तिने मला तिथे नेले. खाटेवर हमीदा होती, मंडणगडकडची, कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला. या देशात तिचे रक्ताचे कुणी नव्हते. ताप डोक्यात गेला होता. मला पाहून म्हणाली, "आयशीला सांगा, मी जेवलंय."

मी म्हणाले, "सांगते हो. पोटभर जेवलीस म्हणून सांगते."

"भाकरी खाल्लंय म्हणावं."

"भाकरीच सांगते."

चार दिवस मी तिला हेच सांगत राहिले. इतकी वर्षे व्याकरण शिकवले, इतके श्लोक मुखोद्गत, आणि त्या खाटेपाशी उपयोगी पडली ती एवढीच वाक्ये. चौथ्या दिवशी दुपारी हमीदा गेली. सकाळीच एस्तेरने स्वतःच्या सुट्टीच्या अर्ध्या तासात तिचे केस विंचरून वेणी घातली होती.

मी घरी परतल्यावर एस्तेरसोबत दर शुक्रवारी रुग्णालयात जाऊ लागले. शुक्रवार तिच्या विश्रांतीचा एकमेव दिवस. तिच्या पिशवीत नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली आणि चार तऱ्हेचे चार्जर असतात. फोन बंद पडला की आजारी बाईचे घर तुटते, हे तिला कुणी शिकवले नव्हते. 'जेवलीस का' एवढा प्रश्न तिला नऊ भाषांत विचारता येतो. नेपाळी बाईला नेपाळीत, श्रीलंकेच्या बाईला सिंहलीत, मराठी बाईला माझ्याकडून शिकलेल्या मराठीत. नखे कापता कापता ती घरचा क्रमांक विचारते, फोन लावते, आणि बाई रडू लागली की पाठ वळवून उभी राहते. माझ्या पाहण्यात इतकी पुण्यशील स्त्री दुसरी नाही. जन्मभर पुण्याची व्याख्या शिकवीत आले, म्हणून हे जबाबदारीने लिहिते.

मंडळाने माझे नाव निवडले तेव्हा मी मेघनाताईंना म्हटले होते, "काम एस्तेरचे आहे, मी तिच्या मागे चालते. दोघींना बोलवा." त्या म्हणाल्या, "हो हो आजी, नक्की. तिलाही बोलावू."

त्या मुलीचा स्पंज दुसऱ्या हातावर होता तेव्हा दार उघडले. एस्तेर आत आली. चर्चला जाताना घालते तो निळा झगा, मानेशी पांढरी फीत. हातात चहाचा ट्रे.

"अम्मा, चाय."

मुलीने न पाहता एक कप उचलला.

मी विचारले, "हा ट्रे तुझ्या हाती कुणी दिला?"

"बाहर मॅडम बोली, किचन उधर, यल्ला, जल्दी. तो मैं किया."

मेघनाताईंनी वळून पाहिले. "अय्या! ही ती? सॉरी हं, मला वाटलं केटरिंगची." मग माझ्या खुर्चीजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "आजी, एक सांगू? रागावू नका. तिला पहिल्या रांगेत बसवू. नाव घेऊ, टाळ्या वाजवू. पण स्टेजवर नको. फोटोचा बॅकड्रॉप डार्क आहे, त्यात ती दिसणारच नाही."

खोलीत कुणी हसले. मोठ्याने नव्हे.

आरशात माझा चेहरा होता. दोन छटा उजळ. कानांच्या पाळ्या तेवढ्या माझ्या उरल्या होत्या. एकाहत्तर वर्षांत प्रथमच मला कळले, की मला स्टेजवर नेण्याआधी पुसून काढणे चालले होते, आणि त्यासाठी हात मी स्वतः पुढे केले होते.

मी उठले. कोपऱ्यातल्या बेसिनवर साबणाने तोंड धुतले, हात धुतले. पदराने पुसले. पांढऱ्या पदराला मातकट डाग पडले.

"अहो आजी! पाच मिनिटांवर नाव आहे तुमचं!"

मी एस्तेरच्या हातातला ट्रे घेऊन टेबलावर ठेवला. म्हटले, "चल. दोघी वर जाऊ."

तिने मान हलवली. "नहीं अम्मा. उन्होंने बुलाया नहीं. आपका पल्लू पकडके मैं नहीं जाती."

तिच्या नकारापुढे माझा आग्रह लहान होता. आम्ही बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतून ध्वनिक्षेपकावर माझे मानपत्र ऐकू येत होते. "परक्या देशात, एकटीने, निरपेक्ष भावनेने…" एकटीने! मग माझे नाव. टाळ्या. पुन्हा नाव. टाळ्या विरळ झाल्या.

तेव्हा मी तिला म्हणाले, "एस्तेर, पहिले अकरा दिवस मी तुझ्या हातचे पाणी प्यायले नाही."

"मालूम है. ग्लास रोज भरा मिलता था."

"राग आला होता?"

"आया था."

मला क्षमा हवी होती. तिने ती दिली नाही. मी ती मागितलीही नाही. जे मिळाले नाही ते घेऊनच आता चालायचे आहे.

मेघनाताई धावत बाहेर आल्या. "आजी, काय हे! प्रमुख पाहुणे ताटकळलेत. एवढंसं मनावर घ्यायचं?"

मी म्हटले, "मानपत्रातला 'एकटीने' हा शब्द खोटा आहे. खोट्या कागदावर मी शाल घेणार नाही."

त्या आत गेल्या. शाल आणि श्रीफळ दुसऱ्या दिवशी चालकाकरवी घरी आले. मी ते त्याच गाडीतून परत पाठवले. मुलगा म्हणाला, "आई, इथे आपली चार माणसं आहेत, तीही तोडायची का?" मी त्याला सांगितले, "मी कुणाला तोडत नाही. पण माझ्यासमोर कुणाला तोडले, तर मी तिथे बसणारही नाही."

पाडव्याआधी मेघनाताईंचा फोन आला. "आजी, झालं गेलं सोडा. शांतिपाठ तुमच्याशिवाय कोण म्हणणार?"

"कुणी म्हणू नये," मी म्हणाले. "ज्या सभेत एस्तेरला दारातूनच स्वयंपाकघराकडे वळवतात, तिथे शांती मागण्याचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही. तिच्या घरी जा. चूक झाली म्हणा. मला नव्हे, तिला."

त्या म्हणाल्या, "बघू, कमिटीत विषय काढते."

पाडवा झाला. एस्तेरकडे कुणी गेले नाही. शांतिपाठ फोनवरून, परक्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला लावला, असे कळले. यापुढेही तोच लावावा लागेल. माझा आवाज त्यांना मिळणार नाही.