बरणीतला चुरा

रुपरावच्या हाताला नागपुरात तोड नव्हती, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती. बावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या तपासणीखोलीत तो एकच काम करत आला होता. रुग्णाच्या गाठीतून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि ते रंगवून, काचेवर लावून डॉक्टरांपुढे ठेवायचे. त्याच्या काचेवर सुरकुती शोधून सापडायची नाही. एकदा बाहेरगावच्या एका तपासनिसानं त्याची काच उजेडात धरून 'वा!' म्हटलं होतं. ते 'वा' रुपरावनं प्रताप नगरातल्या आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर दिलं.

सुरकुती नसायची, कारण प्रत्येक रुग्णाच्या बरणीत आलेल्या तुकड्यांतले घट्ट, गुळगुळीत तेवढेच तो उचलायचा. पिवळट, भुसभुशीत चुरा पात्याखाली फाटतो, काच घाण करतो, म्हणून तो बरणीतच राहायचा. असं करायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं, आणि असं का म्हणून कोणी विचारलंही नव्हतं. महिना झाला की तो स्वतःच्या हातानं बरणी रिकामी करायचा.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत त्याच्या थोरल्या बहिणीच्या, सावनेरच्या प्रयागबाईच्या मांडीतल्या गाठीचे तुकडे आले. वडी त्यानंच बसवली. काच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून डॉ. नीलांनी निकाल दिला की गाठ कर्करोगाची आहे, पण पहिल्या दर्जाची, म्हणजे सावकाश वाढणारी. तेवढी गाठ काढली की झालं. रुपरावनं नारळ फोडला. ऑपरेशन सोमवारी ठरलं. रक्ताची मोठी नळी गाठीला किती चिकटली आहे ते दिसावं म्हणून सर्जननं बाईला त्याआधी मुंबईला पाठवलं. एमआरआय नावाचं ते नवं यंत्र नागपुरात अजून आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी फिल्म आल्या. नीलामॅडमनी त्या दिव्याच्या पेटीवर लावल्या आणि त्याला हाक मारली.

"रुपराव, ही गाठ मधून मेलेली दिसते. भराभर वाढणाऱ्या गाठीला रक्त पुरत नाही, मग ती आतून अशी मरते. आपल्या काचेवर तर मेलेली एकही पेशी नाही. बरणीतले सगळे तुकडे घेतले होते ना?"

"हो मॅडम."

तो बोलून गेला. सख्ख्या बहिणीचा जीव टांगणीला, आणि हा गडी आपल्या 'वा'ला जपतो! माझं ऐकाल तर तिथंच त्याच्या दोन कानशिलात वाजवायला हव्या होत्या. पण त्या कामाला तो स्वतःच पुरेसा होता. फळीवर बाईची बरणी अजून होती. तळाशी पिवळा चुरा होता.

कोणाला न सांगता त्यानं तो चुरा उचलला. पण तुकड्याला आधी अल्कोहोल, मग मेण प्यावं लागतं, आणि त्याला अख्खा दिवस जातो. तो दिवस रुपरावला सरता सरेना. तो टपरीवर गेला आणि चहा तसाच ठेवून परत आला. घड्याळ बघितलं, मेणाच्या भांड्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. रात्री घरी, ऑपरेशनपर्यंत त्याच्याकडेच उतरलेली बहीण मुंबईच्या यंत्राच्या गमती सांगत होती.

"लय ठोकते गा ते मशीन. तू काहून जेवून नाही राहिला?"

"भूक नाही वं बाई," तो म्हणाला आणि उठून अंगणात फेऱ्या मारू लागला.

शुक्रवारी दुपारी त्यानं पातं चालवलं. काप फाटले, चुरगळले. आयुष्यात एवढी घाणेरडी काच त्यानं कधी केली नव्हती. ती घेऊन तो नीलामॅडमपुढे उभा राहिला.

"मॅडम, काल मी खोटं बोललो. भुसभुशीत तुकडे मी घेतले नव्हते. मी कधीच घेत नाही."

त्यांनी काच त्याच्या हातून घेतली. बराच वेळ त्या सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या.

"तिसरा दर्जा," त्या म्हणाल्या. "सर्जनना आत्ता कळवते. गाठीभोवतीचं मांसही काढावं लागेल, आणि मग किरणांचा शेक. रुपराव, सोमवारी नुसती गाठ काढून घरी पाठवली असती तर सहा महिन्यांत पाय गेला असता, कदाचित बाईही."

संध्याकाळी त्यानं बहिणीला सगळं सांगितलं, चुरा आणि खोटंसुद्धा. ती रडेल, नाहीतर शिव्या देईल, अशी त्याची तयारी होती. प्रयागबाईनं मांडीवरून हात फिरवला.

"मी तं तुही बहीन, म्हून तू शोधलं," ती म्हणाली. "बाकीच्यायचं कोनं शोधलं गा?"

सोमवारी तिला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा रुपराव बाहेरच्या बाकावर बसला नाही. तो तपासणीखोलीत गेला आणि फळीवरच्या सगळ्या बरण्या त्यानं टेबलावर मांडल्या. महिनाभराच्या एकतीस होत्या. त्यानं पहिलीचं झाकण उघडलं.